घरातील विजेची गळती आणि तिचा पहारेकरी

बेंगळूर शहराची विजेशी ओळख जवळजवळ सव्वाशे वर्षांची आहे. कावेरीच्या शिवसमुद्र येथील धबधब्यावर म्हैसूर संस्थानाने वीजकेंद्र उभारले आणि १९०२ साली तेथून निघालेली वीज सुमारे दीडशे किलोमीटरांचे अंतर तारांवरून कापून कोलारच्या सोन्याच्या खाणींत जाऊन पोहोचली. पुढे तीन वर्षांनी, ऑगस्ट १९०५ मध्ये, तिचे दिवे बेंगळूरच्या रस्त्यांवर लागले. कोलारच्या खाणी २००१ साली बंद पडल्या. परंतु शहराच्या घराघरांतील वीज मात्र सारखी वाढतच राहिली. प्रारंभी ती दिव्यापुरती होती. आज ती न्हाणीघरातील गीझरमध्ये आहे, कपडे धुण्याच्या यंत्रात आहे, अंगणातील जमिनीखालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढविणाऱ्या पंपात आहे, आणि छतावरील सौर बंबात ढगाळ दिवसांसाठी बसविलेल्या हीटरमध्येही आहे. म्हणजे घरात जेथे जेथे पाणी आहे, तेथे तेथे वीज जाऊन बसली आहे. पाणी आणि वीज यांच्या या शेजारामुळेच घरातील मुख्य पेटीत एक लहानसा खटका बसवावा लागतो. त्याचे काम काय, तो बिघडला हे ओळखावे कसे आणि बदलावा कसा, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावे इतके महत्त्वाचे आहे.

पुष्कळांचा असा समज असतो की, फ्यूज किंवा त्याच्या जागी आलेला एम.सी.बी. असला म्हणजे घर सुरक्षित झाले. हा समज अर्धाच खरा आहे. फ्यूज आणि एम.सी.बी. राखण करतात ती तारांची. तारेतून तिच्या कुवतीबाहेर प्रवाह वाहू लागला, तर ती तापून आग लागू नये म्हणून ते प्रवाह तोडतात. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्यांच्या लेखी नगण्य असतो. याचा हिशेब सोपा आहे. आपल्याकडील घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ओल्या अंगाने उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा अवरोध ढोबळ मानाने १,००० ओहम धरतात. अशा माणसाचा हात फेजच्या उघड्या तारेला लागला, तर त्याच्या शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह वाहील. ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा दिवा याहून थोडा अधिकच प्रवाह घेतो. गीझरच्या वाटेवरील १६ अँपिअरचा एम.सी.बी. एका दिव्याएवढ्या प्रवाहासाठी पडणार नाही हे उघड आहे. त्याच्या दृष्टीने माणूस मरत नसतो. एक दिवा जळत असतो.

आणि शरीराला तर याच्या दशांशही प्रवाह घातक ठरू शकतो. सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाहाने मुंग्या आल्यासारखे वाटते. १० ते १५ मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडू म्हटले तरी सुटत नाही. 'विजेने धरून ठेवले' असे लोक म्हणतात, ते यामुळेच. ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह काही क्षण टिकून राहिला, तर हृदयाची लय बिघडून ते निकामी होण्याचा धोका उत्पन्न होतो. म्हणून तारांची नव्हे, तर माणसांची राखण करणारे निराळे साधन शोधणे प्राप्त झाले.

ते साधन प्रथम आकाराला आले तेही सोन्याच्या खाणींसाठीच, हा एक लक्षात राहण्यासारखा योगायोग होय. दक्षिण आफ्रिकेतील खोल खाणींत विजेच्या धक्क्यांचे भय फार असे. तेथील हेन्री रूबिन नावाच्या अभियंत्याने १९५५ च्या सुमारास गळतीचा प्रवाह हेरून वीज तोडणारी योजना तयार केली, आणि पुढील दोन-तीन वर्षांत तिची अधिक सूक्ष्म आवृत्ती घरांतही बसविण्यात आली. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी माणूस किती प्रवाहापर्यंत हातातील तार सोडू शकतो याचा दीर्घ अभ्यास केला आणि १९६१ साली सुमारे ५ मिलिअँपिअरच्या गळतीवर तुटणारे उपकरण तयार केले. अमेरिकेत ते बहुधा भिंतीवरील सॉकेटातच बसवितात. आपल्याकडे ते घराच्या मुख्य पेटीत, म्हणजे लोक जिला डी.बी. म्हणतात तीत, असते आणि त्याला आर.सी.सी.बी. असे नाव आहे. जुन्या सवयीने वायरमन मंडळी त्यालाच ई.एल.सी.बी. म्हणतात. विवेचनाच्या सोयीसाठी त्याला येथे गळतीचा खटका म्हणू.

या खटक्याचे तत्त्व समजण्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. जमाखर्चाची वही माहीत असली की पुरे. फेजच्या तारेतून जेवढा प्रवाह घरात येतो, तेवढाच न्यूट्रलच्या तारेतून परत गेला पाहिजे. या दोन्ही तारा खटक्यातील एका लोहचुंबकीय कड्यातून जातात. दोन्हींतील प्रवाह सारखे असले की, त्यांचे परिणाम एकमेकांना छेद देतात आणि कडे शांत राहते. परंतु गेलेल्यापैकी काही प्रवाह परत आला नाही, म्हणजे तो भिंतीच्या ओलीतून, यंत्राच्या पत्र्यातून किंवा कुणाच्या देहातून परस्पर जमिनीकडे गेला, की वही जुळत नाही. कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या वेटोळ्यात तत्काळ प्रवाह उत्पन्न होतो, तो खिटी सोडवितो आणि फेज व न्यूट्रल दोन्ही तारा एकदमच तुटतात. ३० मिलिअँपिअरचा खटका १५ ते ३० मिलिअँपिअर यांच्या दरम्यान कोठेतरी पडावा अशी रचना असते. तेवढ्या फरकाला तो सेकंदाच्या तीन-दशांशाच्या आत आणि त्याच्या पाचपट फरकाला सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पडला पाहिजे. धक्का बसतो, पण हृदयावर त्याचा परिणाम होण्यापूर्वी वीज गेलेली असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांनीही घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअर हीच कमाल मर्यादा सांगितली आहे.

आता नेहमी घडणारा एक प्रसंग घेऊ. बेंगळूरच्या जयनगरात किंवा मल्लेश्वरात एखादे पंचवीस-तीस वर्षांचे घर आहे. वैशाखातील वळवाच्या पावसाची संध्याकाळ आहे. गळतीचा खटका पडतो आणि घर अंधारते. खटका वर केला तर पुन्हा पडतो. पाहुणे यावयाचे असतात, मुलांचा अभ्यास अडतो. घाईघाईने बोलावलेला वायरमन पेटी उघडतो, 'हा खटकाच खराब आहे' असे सांगतो आणि तो वगळून त्याच्या येणाऱ्या तारा जाणाऱ्या तारांना थेट जोडून देतो. दिवे लागतात, सर्वांना हायसे वाटते, आणि 'उद्या नवा आणू' हे वचन विसरले जाते. वस्तुतः त्या संध्याकाळी खटका बिघडलेला नसण्याचाच संभव अधिक असतो. तो कोठेतरी सुरू झालेल्या गळतीची वर्दी देत असतो. वर्दी देणाऱ्यालाच घराबाहेर काढले जाते आणि गळती घरात राहते. यानंतर पहाटे न्हाणीघरात जो प्रथम जाईल, त्याच्या आणि विजेच्या मध्ये काहीही उरलेले नसते. म्हणून खटका बदलण्यापूर्वी बिघाड खटक्यात आहे की घरात, हे ठरविणे हे पहिले काम होय.

त्यातील बराचसा भाग घरच्या माणसांना पेटी न उघडता करता येतो. प्रथम खटका केव्हा पडतो ते टिपून ठेवावे. गीझर लावल्यावर, पंप सुरू केल्यावर, की पाऊस पडल्यावर? मेघगर्जनेच्या वेळी एकदाच पडला आणि वर केल्यावर टिकला, तर काळजीचे कारण सहसा नसते. वारंवार पडत असेल, तर सर्व उपकरणांच्या पिना सॉकेटांतून काढाव्यात, पेटीतील सर्व एम.सी.बी. बंद करावेत आणि मग खटका वर करावा. तो टिकला, तर एकेक एम.सी.बी. लावीत जावे. ज्याच्या लावण्याने खटका पडतो, त्या वाटेत गळती आहे. नंतर त्या वाटेवरील उपकरणे एकेक करून जोडून पाहिली की, बहुधा गुन्हेगार सापडतो. पुष्कळदा तो गीझर असतो. त्याच्या तापणाऱ्या कांबीचे कवच क्षारांनी चिरते आणि पाणी आत शिरते. कधी छतावरील सौर बंबाचा हीटर, कधी अंगणातील दिव्याची पाणी भरलेली पेटी, कधी जमिनीखालच्या टाकीतील पंपाची केबल असते. अशा वेळी बदलावयाचे ते उपकरण, खटका नव्हे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरातील साधा एम.सी.बी. केवळ फेजची तार तोडतो. न्यूट्रल जोडलेलीच राहते. म्हणून सर्व एम.सी.बी. बंद असूनही खटका टिकत नसेल, तरी तेवढ्यावरून तो खराब ठरत नाही. कोठेतरी न्यूट्रलची तार ओल्या भिंतीला किंवा अर्थिंगच्या तारेला भिडलेली असू शकते. याचा निकाल वायरमननेच लावावा. वीज मुळातून बंद करून त्याने खटक्याच्या बाहेर जाणाऱ्या दोन्ही तारा सोडवाव्यात आणि मग वीज देऊन तो वर करून पाहावा. आता घराशी त्याचा संबंधच उरलेला नसतो. तरीही तो पडला, तर दोष त्याचाच. टिकला, तर दोष घराच्या तारांत आहे आणि तो मेगर नावाच्या यंत्राने शोधून काढला पाहिजे.

कधी कधी खटकाही निर्दोष असतो आणि कोणतेही एक उपकरणही दोषी नसते. संगणक, धुलाईयंत्र, दूरचित्रवाणी यांसारख्या उपकरणांतून थोडीशी गळती स्वभावतःच होत असते. अशी अनेक उपकरणे एकाच खटक्यावर असली की, थेंबे थेंबे तळे साचते आणि एखाद्या किरकोळ निमित्ताने खटका पडतो. यावरील उपाय १०० मिलिअँपिअरचा खटका आणून बसविणे हा नव्हे. माणसाची राखण त्याने होणार नाही. घराचे दोन-तीन भाग पाडून प्रत्येकाला ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र खटका द्यावा, हा खरा उपाय. इन्व्हर्टर असलेल्या घरांत आणखी एक कारण आढळते. इन्व्हर्टरच्या वाटेची न्यूट्रल घराच्या दुसऱ्या न्यूट्रलमध्ये मिसळलेली असते आणि त्यामुळे गेलेला प्रवाह भलत्याच मार्गाने परततो. वहीतला तो गोंधळ खटक्याला गळतीसारखाच दिसतो.

मात्र खटका पडत नाही म्हणून तो चांगला आहे, असेही समजू नये. किंबहुना खरा बिघडलेला खटका बहुधा निमूट असतो. त्याच्यावर 'टी' अक्षर असलेली एक लहान कळ असते. वीज चालू असताना ती दाबली की, खटका तत्क्षणी पडला पाहिजे. न पडला, तर तो निव्वळ शोभेची वस्तू झाला आहे असे समजून बदलावा. वर्षानुवर्षे न हललेली आतील खिटी धुळीने किंवा सुकलेल्या वंगणाने चिकटून बसते. कळ दाबल्याने तिची परीक्षा होते आणि ती मोकळीही राहते. महिन्यातून एकदा, पहिल्या तारखेला म्हणा, ही कळ दाबण्याचा परिपाठ ठेवावा. खटक्याचा पृष्ठभाग काळवंडला असेल, तो तापत असेल किंवा दांडी सैल झाली असेल, तरीही तो बदलणेच इष्ट.

नवा खटका घेताना चार गोष्टी पाहावयाच्या. पहिली, संवेदनक्षमता ३० मिलिअँपिअर. दुसरी, त्याची अँपिअरमधील कुवत. ती त्याच्या आधीच्या मुख्य एम.सी.बी.पेक्षा कमी नसावी. घरगुती पेट्यांत ४० किंवा ६३ अँपिअरचे खटके नेहमी आढळतात. तिसरी, एका फेजच्या घराला दोन ध्रुवांचा आणि तीन फेजच्या घराला चार ध्रुवांचा खटका लागतो. चौथी, त्याचा प्रकार. 'एसी' प्रकारचा खटका साध्या प्रत्यावर्ती गळतीलाच ओळखतो; इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून निघणारी तुटक गळती त्याला कळेलच असे नाही, म्हणून आजच्या घराला 'ए' प्रकार अधिक योग्य. विजेवरील मोटारगाडी घरीच भारित करावयाची असेल, तर त्या वाटेसाठी वेगळी योजना करावी लागते. बेंगळूरमध्ये चिकपेट आणि एस. पी. रोडच्या परिसरात विजेच्या सामानाची मोठी बाजारपेठ आहे. तेथे घ्या किंवा अन्यत्र, आय.एस.आय. चिन्ह पाहावे आणि पक्की पावती घ्यावी. नकली खटका हा खटका नसण्यापेक्षाही वाईट, कारण त्याच्या भरवशावर घर निर्धास्त राहते.

खटका बदलण्याचे काम परवानाधारक माणसाकडूनच करवून घ्यावे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता घराच्या वीजमांडणीतील फेरफार परवानाधारकाकडून व्हावेत असा नियमच आहे. तरी घरच्यांनी ते काम डोळसपणे पाहावे. प्रथम मीटरपाशी असलेला मुख्य स्विच बंद व्हावा. बहुमजली इमारतीत मीटर तळमजल्यावर असतात आणि काम चौथ्या मजल्यावर चाललेले असते; खाली कोणी अजाणता वीज सुरू करू नये म्हणून स्विचला कुलूप घालावे आणि पाटी लावावी. ती कानडीतही असावी हे बेंगळूरच्या मराठी घरांना सांगणे नको. नंतर इन्व्हर्टर बंद करून तोडावा. हे पुष्कळदा राहून जाते. बाहेरची वीज गेल्याबरोबर इन्व्हर्टर आपले कर्तव्य बजावतो आणि निर्जीव समजलेल्या तारांत प्राण फुंकतो. त्यानंतर तारांत वीज नसल्याची खात्री पेचकसासारख्या निऑन टेस्टरवर न विसंबता दोन टोकांच्या मापकाने करावी, आणि तो मापकही आधी चालू तारेवर तपासून घ्यावा.

जुना खटका काढण्यापूर्वी तारांचे छायाचित्र घ्यावे. येणाऱ्या तारा कोणत्या आणि जाणाऱ्या कोणत्या यांवर खुणा कराव्यात. नव्या खटक्यावर 'एन' अक्षर असलेल्या जागी न्यूट्रलच जोडावी. तारेचे एकही केस बाहेर राहू नये आणि स्क्रू निर्मात्याने सांगितल्याइतके घट्ट असावेत. सैल जोड तापतो आणि पेटी जाळतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या खटक्यातून गेलेल्या फेजची न्यूट्रल त्याच खटक्यातून परत आली पाहिजे, आणि खटक्याच्या पुढे न्यूट्रल व अर्थिंग यांची गाठ कोठेही पडता कामा नये. काम संपल्यावर वीज देऊन चाचणीची कळ दाबावी. शक्य असेल तर किती गळतीला आणि किती वेळात खटका पडतो हे मोजणारे यंत्र वायरमनने लावावे. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा जोडून खटका पाडून पाहण्याची एक गावठी रीत आहे, ती टाळावी. अर्थिंगची तार कोठे तुटलेली असेल, तर त्या दिव्यातून घरातील प्रत्येक यंत्राच्या पत्र्यावर वीज उतरते.

यावरून अर्थिंगचा प्रश्न निघतो. चाचणीची कळ अर्थिंगची परीक्षा करीत नाही. अर्थिंग मुळीच नसले तरी कळ दाबताच खटका पडेल. परंतु दोहोंत फार मोठे अंतर आहे. अर्थिंग चांगले असले, तर गीझरच्या पत्र्यावर वीज येताच ती जमिनीत वाहते आणि कोणी हात लावण्यापूर्वीच खटका पडतो. अर्थिंग नसले, तर ती वाट पाहत राहते. गळतीला जमिनीचा मार्ग मिळतो तो हात लावणाऱ्याच्या देहातून. खटका तेव्हाही पडेल, पण धक्का बसल्यानंतर.

या पहारेकऱ्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणारा माणूस त्याला दिव्यासारखाच दिसतो, कारण तेथे वही जुळलेली असते. जादा भार आणि शॉर्टसर्किट यांपासून तो वाचवीत नाही, त्यासाठी एम.सी.बी. हवाच. आणि त्याचा अंमल त्याच्यापुढील तारांवरच चालतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी बेंगळूरच्या व्हाइटफील्ड भागात, होप फार्म चौकाजवळ, पदपथावर पडलेल्या वीजतारेवर पाय पडून एक तरुण माता आणि तिची नऊ महिन्यांची मुलगी दगावली. असा अपघात घरातील खटका टाळू शकत नाही. रस्त्यावरील तारांची राखण ही सार्वजनिक व्यवस्थेची जबाबदारी होय.

परंतु उंबऱ्याच्या आतील जबाबदारी घराचीच आहे, आणि ती पार पाडण्यास फारसे काही लागत नाही. पडणाऱ्या खटक्यावर न चिडता त्याचे कारण शोधावे. महिन्यातून एकदा कळ दाबावी. निमूट झालेला खटका त्याच दिवशी बदलावा. आणि काही झाले तरी त्याला वगळून तारा जोडू देऊ नयेत; खटका मिळेपर्यंत एक रात्र घरात कंदील लावावा लागला, तरी हरकत नाही.